पाच नंबरचा काना

दिवाळी उलटली की आमच्या पांढरकवड्यात रस्त्याच्या कडेला कापूस दिसायला लागतो. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या तोंडापर्यंत भरलेल्या असतात. ताडपत्रीच्या फटीतून पुंजके निसटतात आणि बाभळीच्या काट्यांना, विजेच्या खांबाच्या ताणाच्या तारेला, गतिरोधकाच्या कडेला अडकून बसतात. सकाळच्या गारव्यात ते ओलसर असतात, दुपारी सुकले की पुन्हा उडतात. याच दिवसांत बाजारामागच्या गल्लीत पोरंपोरी हॉल तिकीट घेऊन उभी दिसतात. टायपिंगची परीक्षा याच हंगामात येते. उभ्या उभ्या त्यांची बोटं हवेत हलत असतात.

हा हंगाम मला तीसेक वर्षांपासून आवडत नाही. का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं होतं. गावंडे सरांनी भर बाजारात माझा अपमान केला. टायपिंग पास झालेल्या सगळ्या पोरांना पेढा दिला आणि माझ्यापाशी आल्यावर डबा बंद केला. ‘तुले पेढा नाही,’ एवढंच म्हणाले आणि पुढे गेले. ही गोष्ट मी लग्नात सांगितली, बसमध्ये सांगितली, दुकानात ट्रकवाल्यांना चहा पाजून सांगितली. गोष्ट खरी आहे. फक्त ती पेढ्यापासून सुरू होत नाही.

यंदा हंगाम आला तेव्हा मी सोफ्यावर होतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पाय लांब करून बसायला सांगितलं. हायवेला माझं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. एका लोखंडी पेटीतल्या नटबोल्टांवर सुरू केलं होतं, आज दोन गाळे आहेत. ते सध्या बायको सांभाळते, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा शांतपणे सांभाळते. मी घरी बसून काय करणार? मी तक्रारी लिहितो. नाली तुंबली, दिवा बंद, बस थांबली नाही, पंप गळका निघाला. माझ्या अर्जाला उत्तर येतं, कारण उत्तर येईपर्यंत मी थांबत नाही.

नागपूरची मुलगी येऊन टीव्हीला कॉम्प्युटर जोडून गेली. अक्षरं आता हाताएवढी दिसतात. पण कीबोर्डची वायर चार फूट आणि सोफा दहा फुटांवर. मी वायरला वायर जोडली. दुसऱ्याच दिवशी बायको, कुंदा, चहाचा कप घेऊन तिच्यात अडकली.

‘‘हे काय बांधून ठेवलं घरात? म्हैस हाय का टीव्हीमागं?’’

मग फोनवर बोलून लिहायचं पाहिलं. मुलगी म्हणाली होती, बाबा, नुसतं बोला, तो लिहितो. पण मी बोलायला लागलो की आवाज चढतो, आणि आवाज चढला की फोन भलतंच लिहितो. नगराध्यक्षांच्या जागी नगाऱ्याध्यक्ष आलं तेव्हा मी फोन उशीवर आपटला.

‘‘बिनवायरचा कीबोर्ड घ्या न मग,’’ कुंदा म्हणाली. ‘‘सुमनताईकडं भेटते. मराठी अक्षरंही चिकटवून देते ती.’’

‘‘तिच्या दुकानात मी जात नाही.’’

‘‘सर वारून दहा वर्षं झाली. आता कोणावर रुसता? दुकानावर?’’

ऑनलाइन मी काही घेत नाही. पडद्याशी घासाघीस करता येत नाही. आणि माझ्या बोटांना जुन्या मशीनची मराठी मांडणी येते, दुसरी येत नाही. ती अक्षरं चिकटवून देणारी गावात एकटी सुमन राठोड.

ज्या खोलीत आता तिचं दुकान आणि क्लास आहे, त्याच खोलीत गावंडे सरांचं टायपिंग होतं. आठ मशीन, आठ स्टुलं, भिंतीवर बोटांचा तक्ता. खोलीला रॉकेलचा वास यायचा, कारण सर दर रविवारी दात घासायच्या ब्रशने मशीनचे दांडे रॉकेलने धुवायचे. सुमन मदतीला असायची. गावापासून कोसभर दूर असलेल्या तांड्यावरून ती सायकलने यायची. तिची अर्धी फी माफ होती, त्याबदल्यात ती मशीन पुसायची आणि झाकणं घालायची. काम करताना स्वतःशी गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बंजारा भाषेत, पुटपुटायची. कोणी हसलं की गप्प व्हायची. हसणाऱ्यांत माझा आवाज मोठा होता.

मराठी टायपिंग ज्याने मशीनवर केलं त्यालाच काना म्हणजे काय ते कळतं. कागदावर काना ही एक उभी रेघ. मशीनवर ती स्वतंत्र कळ, उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. तिथे ण, श, भ, ध, थ ही अक्षरं अर्धीच उमटतात; काना मारला की पूर्ण होतात. ‘आणि’ एवढा साधा शब्द, त्यात काना दोनदा मारावा लागतो. म्हणून सर पहिल्या दिवशी ‘आणि’च लिहायला लावायचे. पानभर. खोलीत आठ मशीनवर एकदम ‘आणि आणि आणि’ चालू झालं की पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटायचं.

पाच नंबरच्या मशीनचा काना थंडीत अडकायचा. तेल घट्ट झालं की दांडा कागदाला टेकून उभाच राहायचा, बोटाने खाली करावा लागायचा. सर तो रोज दुरुस्त करायचे आणि रोज तो तसाच व्हायचा. नवीन मशीन घेणं त्यांना परवडणारं नव्हतं. तेव्हा परीक्षेचं केंद्र यवतमाळला असायचं आणि मशीन आपापली न्यावी लागायची. आठ पोरं, आठ मशीन. एकाला पाच नंबर येणारच. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या.

पाच नंबर मला आला.

यंदा मी सुमनताईंच्या दुकानात गेलो ते सकाळी, शटर वर झाल्या झाल्या. मुद्दाम. भोनी व्हायची होती. दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला आमच्याकडे कोणी रिकामं परत पाठवत नाही, पुढचा दिवस मंदा जातो म्हणतात. मी स्वतः दुकानदार, मला ठाऊक आहे की त्या घटकेला दुकानदाराचे हात बांधलेले असतात. मोठी वस्तू घ्यायची तर मी भोनीलाच जातो.

त्या काउंटर पुसत होत्या. केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात. काठी टेकत आत आलो तर पुसायचं थांबल्या.

‘‘या भाऊ. बसा. गुडघा कसा हाय?’’

‘‘गुडघा ठीक हाय. कीबोर्ड दाखवा बिनवायरचा. सोफ्यावर बसून लिहाचं हाय.’’

त्यांनी तीन काढले. पहिला सातशेचा, सोबत माउस.

‘‘माउस कशावर फिरवू सोफ्यावर?’’

‘‘मांडीवर.’’

‘‘मांडी काय टेबल हाय का? हा राहू द्या.’’ दुसरा घडीचा, कंपासपेटीएवढा. माझं एक बोट दोन कळांवर पडत होतं. तिसऱ्याला उजवीकडे बोट फिरवायची काळी पाटी होती, म्हणजे माउसची गरजच नाही. त्याच्यासोबत नखाएवढी एक वस्तू होती, ती टीव्हीमागच्या कॉम्प्युटरला लावायची.

‘‘अन् हे हरवलं तं?’’

‘‘तं कीबोर्ड पोळपाट म्हणून वापरा,’’ सुमनताई म्हणाल्या. हसल्या नाहीत. ‘‘बंद करायचं बटन हाय, काम झालं की बंद करत जा, सेल लवकर संपत नाही. आता मांडीवर ठेवून पाहा. चारी पाय सारखे टेकले पाह्यजे. एक आखूड असला की टोचते.’’

मी ठेवून पाहिला. चारी पाय टेकले. मग त्यांनी तो घेतला, दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडला, आणि सगळ्यात आधी उजव्या हाताच्या मधल्या बोटाने एकच कळ दाबली. पाच-सहा वेळा.

‘‘काहून, तीच काहून?’’ मी विचारलं.

‘‘कोणतंही मशीन असो, मी आधी काना पाहते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सवय लागली.’’

माझ्या कानशिलात काहीतरी गरम झालं. ते मी भाव करण्यात घातलं. माझं असंच असतं. आतून हललो की तोंड सुरू होतं.

‘‘किती?’’

‘‘अठराशे.’’

‘‘बाराशे.’’

‘‘बाराशेत मले भी नाही पडत, भाऊ.’’

‘‘तुमाले काय पडते ते मले नका सांगू, मी भी धंदाच करतो. अठराशे कायचे? प्लास्टिक तं हाय. नागपूरले असे ढिगानं पडले हायेत.’’ आवाज चढला होता. बाहेर दोन पोरी थांबून आत पाहू लागल्या. ‘‘अन् भोनीची वेळ हाय. नाही म्हणा, मी चाललो.’’

त्यांनी फडकं घडी करून ठेवलं.

‘‘चौदाशे द्या.’’

‘‘सेल?’’

‘‘आत टाकले.’’

मग त्यांनी चिमटा घेतला आणि एकेक मराठी अक्षर कळांवर चिकटवायला बसल्या. जुन्या मशीनच्या मांडणीत, न पाहता. अर्धा तास लागला. त्याचे पैसे त्यांनी मागितले नाहीत आणि मी विचारले नाहीत. क्लासच्या पोरी आल्या, ‘मॅडम, स्पीडचा उतारा द्या न’ म्हणून मागे लागल्या. त्यांना त्या म्हणाल्या, ‘‘थांबा गं, भाऊचं होऊ द्या.’’

घरी आल्यावर कुंदाने विचारलं, किती कमी केले. मी अभिमानाने सांगितलं.

‘‘त्या बाईसंगं?’’ ती म्हणाली आणि जेवण वाढायला गेली.

दुपारी कीबोर्ड मांडीवर घेतला. वजन नव्हतंच म्हणायला. नालीची तक्रार लिहायची होती, पण बोटांनी आपोआप पहिल्या दिवसाचा धडा काढला. समोर टीव्हीवर हाताएवढ्या अक्षरांत आलं, आणि. काना खाली गेला, वर आला. आवाज नाही, अडकणं नाही. आणि आणि आणि. चार ओळी लिहिल्या आणि हात थांबला.

परीक्षेच्या सकाळी आम्ही मॅटाडोरमधून यवतमाळला निघालो होतो. मशीनला धक्का लागू नये म्हणून सरांनी प्रत्येकाच्या मांडीवर गोधडीची घडी आणि तिच्यावर मशीन ठेवलं होतं. झाकणावर डिंकाने नावाची चिठ्ठी. माझ्यासमोर सुमन बसली होती. गाडीत सगळ्यांना माहीत होतं की हा हंगाम तिचा एकच आहे. तिच्या याडीने, म्हणजे आईने, घरच्यांशी भांडून तिला कापसाच्या पहिल्या वेचणीतून सोडवलं होतं. कापूस फुटलेला असताना घरातले दोन हात शेताबाहेर ठेवणं केवढं असतं हे इकडे सांगावं लागत नाही. पास झाली तर पुढे शिकेल, नाही झाली तर उन्हाळ्यात लग्न. हे तिनेच सांगितलं होतं, कोणीतरी विचारलं म्हणून, मशीनच्या झाकणावर बोट फिरवत.

वाटेत मोहद्याला गाडी चहाला थांबली. मशीन बाकांवर ठेवून सगळे उतरले. मी म्हणालो, मी राखण करतो. डिंक अजून ओला होता. चिठ्ठी नखाने अलगद निघाली. तिची माझ्यावर, माझी तिच्यावर. मग दोन्ही मशीन उचलून जागा बदलल्या. सगळ्याला चहाएवढाही वेळ लागला नाही. आठ जणांत मी तिचंच मशीन का घेतलं? तिचं एक नंबरचं होतं, सगळ्यात चांगलं, असं मी मला सांगत आलो. दोन आणि तीन नंबरही चांगलेच होते. ते ज्यांच्याकडे होते ती पोरं माझ्याशी भांडली असती.

परीक्षेच्या हॉलमध्ये थंडी होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही. फक्त आवाज ऐकला. तिचा वेग सगळ्यांपेक्षा जास्त असायचा, आणि मधेमधे तो तुटत होता. दांडा बोटाने खाली करायला जेवढा वेळ लागतो, तेवढा.

मी पास झालो. सुमन नापास झाली. सरांना कळलं असणार, कारण प्रत्येक मशीनच्या बुडाला पांढऱ्या रंगात नंबर होता आणि परत आल्यावर सर ते नंबर पाहून मशीन लावत; पाच नंबरच्या झाकणावर सुमनच्या नावाची चिठ्ठी होती. उन्हाळ्यात तिचं लग्न मुकुटबनकडे झालं. पुष्कळ वर्षांनी, दोन लेकरं झाल्यावर, ती परत आली, परीक्षेला बसली, सरांच्याच क्लासवर शिकवायला लागली. माझं सर्टिफिकेट पेटीत आहे. त्यावर मला नोकरी लागली नाही. पुढे नटबोल्ट विकले. ‘आपण कोणाला डुप्लिकेट माल दिला नाही’ हे माझ्या दुकानातलं ठरलेलं वाक्य. ते मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाहून म्हणतो.

एवढी वर्षं पेढ्याचा राग मी जपला. तो मोठा होता, सांगण्यासारखा होता, ऐकणाऱ्याला पटत होता. त्याच्याखाली काय ठेवलं आहे हे पाहायची वेळच येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी, बॅच सुटल्यावर, पुन्हा गेलो. कुंदाला सांगितलं, सेल आणायला जातो. सुमनताई उतारे तपासत होत्या, हातात लाल पेन.

‘‘काय झालं? चालून नाही राह्यला का?’’

‘‘चालून राह्यला.’’ मी उभाच होतो. ‘‘ताई, त्या परीक्षेच्या वेळेस मोहद्याला, गाडीत...’’

‘‘बसा. पाय दुखल.’’

मी बसलो. ज्या तोंडाने मी अख्ख्या बाजाराला घाबरवतो त्याला तीन शब्द जमत नव्हते.

‘‘मले माहीत हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चहा पिऊन आली अन् मांडीवर घेतलं, तवाच समजलं. पाच नंबरचा एक रबरी पाय निघालेला होता. मीच पुसत होती न रोज. यवतमाळ येईस्तोवर मांडीले टोचत गेलं.’’

‘‘मग बोलल्या काहून नाही?’’

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

‘‘कोणाले बोलू? तुमी भांडले असते. तुमचा आवाज तवा भी असाच होता. मी गाडीत एकटीच पोरगी, तांड्यावरची. मले वाटलं, काना बोटानं पाडत पाडत होऊन जाईन. सवय होती मले.’’ समोरचे उतारे एकत्र करत म्हणाल्या, ‘‘सहा शब्द कमी पडले.’’

मी हात जोडले. त्या वैतागल्यासारख्या झाल्या.

‘‘असं नका करू, पोरी येतीन. अन् तोंडानं तं काहीच नका सांगू. तुमचं तोंड लय ऐकलं या गावानं. कीबोर्ड नेला न? लिहून आणा.’’

दोन दुपारी मी सोफ्यावर बसून लिहिलं. तक्रारी मी घटकाभरात लिहितो. हे एक पान होईना. शेवटी झालं, छापून घेतलं, आणि सकाळी निघालो. त्यांचं शटर उघडं होतं, दुकानात कोणी नव्हतं. मी समोरच्या पानठेल्यापाशी काठीवर भार देऊन उभा राहिलो. एक पोरगी आली, दहा रुपयांच्या झेरॉक्स काढून गेली. सुमनताईंनी ती नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकली. मग मी रस्ता ओलांडला.

त्यांनी कागद घेतला आणि उभ्यानेच वाचला. सवयीने लाल पेन हातात आलं होतं. मी लिहिलं होतं की तो काळ कठीण होता, घरची परिस्थिती अशी होती, वय कमी होतं. पेन त्या ओळींवरून न थांबता खाली आलं. एका वाक्याशी थांबलं. ‘मोहद्याला गाडी थांबली असताना चिठ्ठ्या बदलल्या गेल्या.’

त्यांनी ‘बदलल्या गेल्या’ भोवती गोल केला आणि कागद मला परत दिला.

‘‘हे नीट करून आणा,’’ म्हणाल्या, आणि बॅचच्या पोरींना आत बोलावलं.

बाहेर आलो. गतिरोधकाच्या कडेला कापूस अडकला होता, त्यावरून ट्रक जात होते. घरी येईपर्यंत मला त्यांचा राग आला होता, हेही लिहून ठेवतो. एवढं केलं तरी पटत नाही, असं वाटलं. मग सोफ्यावर बसलो आणि कागद पुन्हा वाचला. माफी मागतानाही मी भाव पाडला होता.

आता पाय लांब केला आहे, कीबोर्ड मांडीवर आहे. याचे चारी पाय सारखे टेकतात, कुठेच टोचत नाही. समोरच्या पडद्यावर हाताएवढ्या अक्षरांत जुनं पान आहे. काळ कठीण होता ती ओळ खोडली. परिस्थितीची खोडली. वयाची खोडली. पानावर एकच वाक्य उरलं, तेही नीट केलं.

चिठ्ठ्या मी बदलल्या.